उमेदवार चहा घेत नाहीत

चहावर साय धरली तरी दत्तोबांनी कपाला हात लावला नाही. हात जोडून म्हणाले, "राग नसावा ताई. आमी भायेरचं काय घेत न्हाय."

मी डोळे मिटून घेतले. नरसिंहपूरजवळच्या एका गावात, बौद्ध वस्तीत आम्ही मतं मागायला आलो होतो. घर सुमनताईंचं, रिटायर्ड नर्स. वस्तीत त्यांचा शब्द चालायचा. आणि आमचा उमेदवार त्यांच्याच घरी चहा नाकारत होता. वा रे वा!

माझी नोकरी अशी, की साध्या, जुन्या वळणाच्या माणसांना ग्रामपंचायतीला उभं करायचं. पगार पक्ष देतो. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पक्षाचं चिन्ह नसतं, म्हणून तर झाडून सगळे पक्ष तिथं असतात. फक्त आपल्या उमेदवारांच्या गटाला 'पॅनेल' म्हणायचं, म्हणजे झालं. बारामतीच्या एसी ऑफिसातून आमच्या कामावर देखरेख करणारे पक्षाचे साहेब सांगायचे, "पुढारी नकोत. परंपरा मानणारा, देवभोळा, सरळ माणूस आणा." साहेबांना सरळ माणसं फार आवडतात. लांबून.

दत्तोबा तसलेच. बारामती एमआयडीसीतल्या दुधाच्या प्लँटवर जन्मभर मोटरसायकलवर गेले, घरचा डबा आणि घरचं पाणी घेऊन. गुरूंनी दिलेला नेम. रिटायर झाल्यावर रोज पारावर बसून 'गावाचं वळण बिघडलं' म्हणायचे. मी म्हटलं, "मग उभे राहा." ते म्हणाले, "आन् दारोदार मागत फिरू?" त्यांना तयार करता करता माझ्या नाकी नऊ आले. शिबिरात सगळं शिकवलं. बूथ सांभाळणं, भाषण, हात कसा हलवायचा ते सुद्धा. चहा प्यायला शिकवावं लागेल हे कुणाच्या डोक्यात येणार?

सुमनताईंनी शांतपणे विचारलं, "भायेरचं न्हाय, का आमचं न्हाय?"

तेवढ्यात आमच्याबरोबर आलेले दत्तोबांचे गावातलेच व्याही जयसिंगराव उसळले. "अवो ताई, सोताच्या पोराच्या लग्नात माझ्या मांडवात बसून ह्या माणसानं घरचा डबा खाल्ला! पावण्यांत माझी पार शोभा झाली!"

सगळे हसले. सुमनताईही हसल्या, पण थोड्याच. "असंल. पण माझ्या आईलाबी लोक गोड बोलूनच दारातनं परत लावायचे. कारण दर वेळी येगळं असायचं."

दत्तोबा पुन्हा हात जोडून उठले.

बाहेर आल्या आल्या साहेबांचा फोन. सगळं ऐकून म्हणाले, "त्यात काय एवढं? एक घोट प्यायला लाव, फोटो काढ, ग्रुपवर टाक. सामाजिक सलोखा!" मी निरोप दिला. दत्तोबा भडकले. "फोटूसाठी नेम मोडू व्हय? तुमची उमेदवारी तुमाला लखलाभ!" मोटरसायकलला किक मारून गेले. मी मनातल्या मनात ती सीट सोडून दिली.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच वस्तीत गेले. मला सांगितलंही नाही. पुढचं मला सुमनताईंकडून कळलं. दत्तोबा दारात उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, तुमच्या आईला आमच्याबी दारातनं परत लावलंय. मी ल्हान हुतो, पायरीवर बसून बघत हुतो. माझा नेम खरा हाय, पर तुमी इस्वास का म्हून ठेवावा? च्या टाका."

ताईंनी टाकला. दोघांनी बरोबर बसून घेतला. हे सांगताना सुमनताईंचा आवाज भरून आला.

मग व्याही रुसले. "माझ्या मांडवात डबा, आन् तितं च्या?" त्यांच्याकडे पोटभर जेवावं लागलं. मग बाकीची घरं तरी का सोडतील? वॉर्ड म्हणजे मतांसाठी पाडलेला गावाचा तुकडा. दत्तोबांनी तो ॲसिडिटीसकट पालथा घातला आणि निवडून आले. फोटो मात्र एकही काढू दिला नाही.

श्रेय अर्थातच साहेबांचं. पुढच्या शिबिरासाठी 'चहा स्ट्रॅटेजी' नावाची स्लाइडही तयार झाली. दत्तोबांना बारामतीला सत्काराला बोलावलं. शाल, श्रीफळ, फोटोग्राफर. साहेबांनी खास मसाला चहा मागवला आणि दत्तोबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "गावातल्या रस्त्याचं काम आपल्या माणसाला द्यायचं हं. घ्या, चहा घ्या."

दत्तोबांनी पिशवीतून घरच्या पाण्याची बाटली काढली. "गावात घेतो आता, साहेब. गावाभायेर नेम हाय."

"बरं. आणि रस्त्याचं?"

"त्येबी गावातच ठरवू."

फोटोग्राफरनं कॅमेरा खाली घेतला. साहेब माझ्याकडे वळले. मी माझा कप संपवला, मग दत्तोबांचाही.

साधा, सरळ माणूस निवडून आणणं आम्हाला आता चांगलं जमतं. निवडून आल्यावरही तो सरळच राहिला तर काय करायचं, याची स्लाइड तेवढी अजून तयार व्हायची आहे.