आधी मोरी दाखवा

वकीलकाका कोणाच्याही घरी गेले की आधी मोरी पाहत. चहा नंतर. "बैठक पाहुण्यांसाठी आवरतात," ते म्हणत, "मोरी कुणी आवरत नाही." घरमालक आणि भाडेकरूंची भांडणं सोडवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. स्वतः मात्र केडगावातल्या दोन खोल्यांत तीस वर्षं भाड्यानं राहिले.

आमच्या घरामागच्या खोल्या आईनं पुणतांब्याच्या एका कांदा व्यापाऱ्याला राहायला दिल्या होत्या. त्यानं पुढच्या खोलीत कांदा ओतला, आणि सडका निवडून तो मोरीतच टाकू लागला. मोरी तुंबली, काळं पाणी शेजारच्या ओट्याखाली गेलं, आणि इतक्या वर्षांच्या शेजारणीनं आईशी बोलणं टाकलं. आईला ते फार लागलं. एका सकाळी व्यापारी मार्केटला गेल्यावर तिनं त्याच्या दाराला आपलं कुलूप घातलं.

मी घाबरून काकांना फोन केला. दहा मिनिटांत स्कूटर दारात.

"वहिनी, किल्ली आणा."

"घाण त्यानं करायची अन् किल्ली मी द्यायची?"

"आत्तापर्यंत चूक त्याची होती. हे कुलूप त्यानं पाहिलं की तुमची होईल."

"मग पाण्याची मोटर बंद करते. बघू किती दिवस राहतो."

"पाणी तोडाल तर कोर्टात आधी तुम्हालाच उभं करतील."

कुलूप निघालं आणि काकांना हुरूप चढला. हात चोळत म्हणाले, "आता कायद्यानं चालू." व्यापारी परतल्यावर त्याच्यासमोर कांद्याच्या ढिगाचे आणि ओट्याखालच्या पाण्याचे फोटो काढले, दोन साक्षीदार बोलावले. त्यातली एक तीच शेजारीण. आईच्या शेजारी बसून तिनं सही केली. मग नोटीस: करारातलं स्वच्छतेचं कलम, पंधरा दिवसांची मुदत, नाहीतर करार रद्द, कोर्टात दावा, आणि महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे तक्रार.

"कांदा हाय वकीलसाहेब, सडनारच की," व्यापारी म्हणाला.

"सडू दे. पण करारात राहायची जागा लिहिलीय, वखार नाही. चल, आधी मोरी दाखव."

पँट दुमडून काका स्वतः आत उतरले आणि काठीनं मोरी मोकळी करू लागले. व्यापाऱ्यानं ओशाळून काठी हातातून घेतली. मुदतीच्या आत कांद्याचा टेम्पो हलला. त्या संध्याकाळी शेजारीण आमच्याकडे चहाला आली. काका नोटिशीची प्रत पुनःपुन्हा वाचून दाखवत होते, आणि दोघी दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं हसत होत्या.

काका या हिवाळ्यात गेले. मागे कुणी नव्हतं, म्हणून खोल्या मालकाच्या ताब्यात द्यायला मीच झाडू आणि फिनेल घेऊन गेलो. मोरी कोरडी, पांढरी. बादली पालथी, तिच्यावर धुतलेलं फडकं. दवाखान्यात जायच्या सकाळीच त्यांनी ती घासली असणार.

मालक दारातूनच म्हणाले, "तीस वर्षांत ही बघायला यायची येळ न्हाई आली."

करायला काहीच उरलं नव्हतं. तरी मी बादली भरली आणि मोरी पुन्हा एकदा धुतली.