‘रन’चं बासष्टावं कार्ड

कोशाच्या कचेरीत त्यांना सगळे ‘धावपटू’ म्हणत, आणि त्यांनी ते निमूटपणे पत्करलं होतं. इंग्रजी-मराठी कोशातला ‘रन’ हा एकच शब्द घेऊन जो माणूस सहा वर्षं खुर्चीतून हलला नाही, त्याला दुसरं काय म्हणणार? काम हाती आलं तेव्हा त्यांनी संपादकबाईंना ऐटीत सांगितलं होतं, “धावणे. पंधरा दिवसांत देतो.” पंधराव्या दिवशी कळलं, की नळ वाहतो तोही रन आणि धुण्यात कपड्याचा रंग जातो तोही रनच. मराठीत माणूस निवडणुकीला उभा राहतो, इंग्रजीत धावतो; निवडून आल्यावर दोन्हीकडे बसतोच.

संपादकबाईंचा नियम कडक होता. एका अर्थाला एक कार्ड, त्यावर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं उदाहरण, आणि त्याच दिवसाची तारीख. रचलेलं चालणार नाही. उदाहरण नसेल तर तो अर्थ कोशातून बाद. आता कचेरीत तर काही घडत नसे, म्हणून यांनी बहुतेक उदाहरणं घरातूनच उचलली.

उद्या ते निवृत्त होणार होते. एकसष्ट कार्डं तयार होती, एकच कोरं होतं: ‘मदतीला धावून जाणे’. बासष्टच्या बासष्ट बाईंच्या टेबलावर ठेवायची, एवढी एकच हौस त्यांना उरली होती.

दुपारी पलंगावर कार्डं मांडून त्यांनी बायकोला हाक मारली. तिचं शिलाईचं दुकान त्या दिवशी बंद होतं. चष्मा चढवून ती वाचायला लागली. ‘बायको शिलाईचे दुकान चालवते.’ ‘बायको बस पकडायला धावते.’ ‘बायको एकटी घर चालवते.’

“अहो, सगळीकडे मीच?”

“माझंही एक आहे ना,” म्हणत त्यांनी शोधून दाखवलं. ‘माझे नाक वाहते.’

ती हसली. मग पुढच्या कार्डावर तिचं बोट थांबलं. ‘बायकोला एकशे तीन ताप आहे.’ इंग्रजीत अंगात ताप असणं हाही रनच.

“हे त्याच दिवशी लिहिलंत?”

“नियमच आहे तसा.”

“मी पाणी मागत होते. दोनदा हाक मारली. शेवटी भिंतीपलीकडून शेजारच्या वहिनींनी ऐकलं.”

त्यांना लख्ख आठवलं. हाक ऐकू आली होती. एवढं कार्ड पुरं करू, मग उठू, असं ते मनाशी म्हणाले होते. आणि वर उदाहरण आयतं मिळालं म्हणून खूशही झाले होते. त्यांना स्वतःची अतोनात लाज वाटली.

बायकोने कोरं कार्ड उचललं, त्यावरचा अर्थ वाचला.

“वहिनी आल्या तेव्हा तुम्ही त्यांना पाहिलंत ना?”

“पाहिलं. बेल वाजली म्हणून दार मीच उघडलं.”

“मग अडलंय कुठे?” तिने पेन त्यांच्या हातात दिलं. “लिहा. शेजारच्या वहिनी मदतीला धावून आल्या. तारीख तीच घाला, तापाची.”

त्यांनी लिहिलं. बासष्ट पूर्ण झाली, पण मान वर करून तिच्याकडे बघायचा त्यांना धीर झाला नाही.