गल्लीला काहीच माहीत नव्हतं

परवा पेढ्यांचा बॉक्स घेऊन आमच्या मानवतच्या गल्लीत फिरलो आणि फुकटात एक नाटक बघून आलो. पण आधीचा अंक सांगायलाच हवा…

संक्रांत झाली आणि एका सकाळी लसणाची फोडणी पडताच आमची सून मेघा ओढणी नाकाला लावून थेट अंगणात गेली. मग चहा नकोसा झाला. शाळेत शिकवून आली की खुर्चीतच डोळा लागायला लागला.

मी पडलो संस्कृतचा मास्तर. ग्लानी, तंद्रा, अन्नद्वेष… जुन्या वैद्यकातली ही लक्षणं आजवर फक्त समास सोडवायला वापरली होती. ती आपल्याच स्वयंपाकघरात अवतरलेली पाहून माझी छाती जरा फुगलीच.

बायकोच्या कानात सांगितलं. ती म्हणाली, "गप बसा. पित्त झालंय तिला." सासऱ्याने असल्या विषयात पडायचं नसतं, हे मला नजरेनेच कळवण्यात आलं.

गप्प बसायला कारणही होतं. मागच्या वर्षी मेघाला दिवस गेले तेव्हा आम्ही लगेच सगळ्यांना सांगून मोकळे झालो. गल्लीने बाळाची नावंसुद्धा ठरवली… आणि मग ते राहिलं नाही. तीच माणसं समजूत घालायला आली, आणि मेघाला प्रत्येकाला पहिल्यापासून सांगावं लागलं. तेव्हाच ती म्हणाली होती, पुन्हा कधी झालं तर तिसरा महिना सरेपर्यंत कुणालाही कळू द्यायचं नाही.

म्हणून मी पहाऱ्यावर उभा राहिलो. समोरच्या शांतामावशींनी विचारलं, "मेघा लय सुकल्यावानी दिसायलीय, सर?" मी म्हटलं, पित्त. "असंल की… लय पित्त सुटलंय गावात," असं म्हणत त्यांनी मिरच्या भाजायची शेगडी उचलली आणि मागच्या अंगणात नेली. मला वाटलं, उन्हासाठी असेल.

मेघाला रोज बसस्टँडवर सोडणारे आमचे सलीमभाई म्हणजे स्पीडब्रेकर दिसला की चेव चढणारा माणूस. त्यांची रिक्षा एकाएकी वरातीतल्या घोड्यासारखी चालू लागली. विचारलं तर म्हणाले, "शॉकअप गेलंय सर, क्या करना." मी त्यांना चांगला मेकॅनिकही सुचवला…

एकूण, माझ्या गुप्ततेवर मी खूश होतो.

परवा दवाखान्यातून आल्यावर मेघा म्हणाली, "बाबा, डॉक्टर म्हणाल्या सगळं छान आहे. तीन महिने झाले… आता सांगू या."

पहिलं दार मावशींचं. मेघाने बॉक्स पुढे केला. ती तोंड उघडणार, त्याआधीच मावशी छातीवर हात ठेवून ओरडल्या, "अगं बाई! मला तर काहीच म्हाईत न्हवतं!"

तेवढ्यात मागे रिक्षा पुसत असलेले सलीमभाई म्हणाले, "हमको भी नै मालूम था!"

मेघा आधी खूप हसली. मग तिथेच दारातल्या पायरीवर बसून रडायला लागली.

मावशी तिच्या शेजारी टेकल्या. "मागच्या बारीला आमीच लय गलका केला, बाई. तुला कुठं तोंड लपवायला जागा ठेवली न्हाई. म्हणून ह्या बारीला सगळ्यांनी ठरवलं… तू सांगशील तवाच."

घरी येऊन बायकोला म्हटलं, "मला मात्र पहिल्या दिवशीच कळलं होतं हं." तिने शांतपणे पेढा मोडला. "तुम्हाला सगळ्यात शेवटी कळलं. तुम्ही पित्ताचं सांगत फिरायला लागलात, तेव्हा सगळ्यांची खात्रीच झाली."

गल्लीकरांनो, तुमचे आभार कुठल्या भाषेत मानू ते सुचत नाही. अभिनय मात्र तुमचा फारच कच्चा आहे… तो तसाच राहू द्या.