तलावातला रस्ता आणि आत्याचं माहेरपण

इंदूरबाहेरच्या त्या तलावातून आता गाड्या भुर्रकन निघून जातात. आधी तिथे नुसतं पाणी होतं. पलीकडच्या गावाला जायचं तर बैलगाडीनं सगळ्या तलावाला वळसा, सकाळी निघालेला माणूस दुपार कलल्यावर टेकायचा. तो रस्ता माझ्या वडिलांनी बांधला. म्हणजे बांधला सरकारनं. पण ओव्हरसियर ते होते आणि घरात आम्ही असंच म्हणायचो.

संस्थान जाऊन मध्यभारत झालं होतं. कचेरीवरची पाटी बदलली, आतली माणसं तीच. वडिलांनी या रस्त्याचा असा पिच्छा पुरवला की साहेबसुद्धा कंटाळले. कारण आम्हाला ठाऊक होतं. त्यांची एकुलती एक बहीण, माझी आत्या, पलीकडच्या गावात दिलेली होती. मुरूम पडला, दोन्ही अंगांना दगड बसले, पाण्याला मोऱ्या ठेवल्या. वडील उन्हात उभे राहून काळेठिक्कर पडले, पण काय खूश! मुकादम म्हणायचा, "अब तो बहनजी आँगन में आ गईं, साब," आणि ते चक्क लाजायचे.

झालं भलतंच. पूर्वी आत्या दिवाळीला यायची ती चांगली आठ दिवस राहायची. एवढ्या लांब गेलेल्या सुनेला लगेच परत कोण बोलावणार? रस्ता झाल्यावर भाऊबीजेला ती सकाळी तांग्यानं आली, आणि ओवाळून, जेवून होतंय तोच तांगा पुन्हा दारात! सासूबाईंचा निरोप होता, आता मुक्काम कशाला हवा? आई चुलीपाशी रडली. मला तो मेला तांगेवालाच वैरी वाटला, बिचाऱ्याचा काय दोष!

पुढच्या भाऊबीजेला वडिलांनी कमाल केली. आत्याला सोडून तांगा पलीकडे गेला, आणि त्यांनी रस्त्याच्या दोन्ही तोंडांना लाकडी बल्ल्या आडव्या टाकून लाल झेंडे लावायला सांगितले. भराव खचलाय, मरम्मत होईपर्यंत रस्ता बंद! खचलं होतं कुठे, डोंबल! अख्ख्या नोकरीत केलेली ही एकच लबाडी, आणि तीही त्यांना नीट जमेना. सारखे उठून खिडकीशी जायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या आणि मी तलावावर गेलो. बल्लीपाशी एक बैलगाडी उभी होती. आत दवाखान्यातून घरी निघालेली बाळंतीण, पदराखाली तान्हं. गाडीवान बडबडत वळशाच्या वाटेला गाडी वळवत होता. आत्यानं रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत नजरेनं पाहिला आणि तरातरा घरी आली.

"दादा, खरं सांग, कुठे खचलाय?"

वडील उठून पुन्हा खिडकीशी गेले.

"अरे, ओल्या बाळंतिणीला हिंडवून मला माहेरपण नको. काढ ते झेंडे, आत्ताच्या आत्ता!"

"मग तू जाशील," वडील म्हणाले.

"जाईनच."

झेंडे निघाले. आत्या त्याच रस्त्यानं पायी, एकटी गेली. वडील त्या दिवशी जेवले नाहीत. मला तिचा इतका राग आला की मी तिनं आणलेल्या चिवड्याला हात लावला नाही.

दिवस मावळायच्या आत कडी वाजली. दारात आत्या, घामाघूम, काखेत कपड्यांचं बोचकं.

"सासूबाईंना तोंडावर सांगून आले," ती म्हणाली. "मला भावाकडे राहायचंय, म्हणून राहणार."

"अगं बाई! मग त्या काय म्हणाल्या?" आईनं घाबरून विचारलं.

"म्हणत असतील अजून. तू आधी ताटं घे, वहिनी. दादा जेवला नसणार."