मातीची पिकुल

पिकुलच्या खानावळीत कुणी पहिल्यांदा जेवायला आलं की काय हवं ते ती विचारत नसे. ती विचारायची, "जन्म कुठल्या महिन्यातला?"

माणूस गोंधळून "मे" म्हणाला की, "वारा! तरीच एका जागी बूड टेकत नाही तुझं. आलं घातलेली कोंबडी घे." जानेवारी ते मार्चची माणसं अग्नीची, त्यांना कारलं. एप्रिल ते जूनची वाऱ्याची, त्यांना तिखट. जुलै ते सप्टेंबरची पाण्याची, त्यांना आंबट. उरलेली मातीची, त्यांना गोड, तुरट, नारळाच्या दुधातलं. कुणी ऐकलं नाही तरी ती रागवायची नाही. मागितलेलं वाढायची आणि ताटाच्या कडेला त्याच्या महिन्याचं चमचाभर ठेवून द्यायची.

फेत्चबुरीत नदीकाठच्या गल्लीत तिच्या भिंतीला लागूनच माझं शिवणकामाचं दुकान. एकवीस वर्षं मी तिच्या हातचं जेवले. ती वयाने मोठी, म्हणून मी तिला पी म्हणायची; थोरल्या बहिणीला आणि थोरल्या भावाला आम्ही थाई माणसं पीच म्हणतो. मी फेब्रुवारीतली, म्हणजे अग्नीची. "खा गं नोई," कारल्याची वाटी पुढ्यात आदळून ती म्हणायची, "जीभ जरा थंड होऊ दे, नाहीतर आहेत तीही गिऱ्हाइकं पळतील."

ही विद्या तिच्या वडिलांची. ते झाडपाल्याचे वैद्य. ज्या महिन्यात माणूस जन्मतो त्या महिन्याचं तत्त्व त्याच्या अंगात आणि स्वभावात मुरतं, आणि अन्न त्याला धरून खाल्लं तर माणूस धड राहतो, असं ते सांगायचे. पिकुल नोव्हेंबरची. म्हणजे माती. लहानपणापासून तिला भाजलेला अळकंद, भोपळा, कोवळे पेरू, ताडगुळाच्या खिरी. आंबट मात्र वर्ज्य. "मातीत आंबट गेलं की माती नासते," असं वडील म्हणायचे, आणि ती ते तसंच आम्हाला ऐकवायची.

गंमत अशी, की तिच्या हातची सगळ्यात नावाजलेली चीज म्हणजे मासा घातलेली चिंचेची आंबट आमटी. गल्लीत पाण्याची माणसं पुष्कळ, त्यांच्यासाठी रोज मोठं पातेलं चढायचं. पण तिने स्वतः ती कधी जिभेला लावली नव्हती. नुसत्या वासावर करायची. चव बघायचं काम तिच्या नवऱ्याचं, पी सनानचं. त्याने पळी ओठाला लावून मान हलवली की पातेलं खाली उतरायचं.

लग्नानंतर दोन वर्षांनी सनानला पूर्वेकडच्या बंदरावर चांगली नोकरी लागली होती. राहायला घरही होतं. पिकुल म्हणाली, "माती उपटून नेता येत नाही. तू जा." तो गेला, पाच महिने राहिला आणि एका सकाळी पत्र्याची पेटी घेऊन दारात उभा. "तिथे सगळं मिळतं," म्हणाला, "पण काय खायचं ते कुणी सांगत नाही." पुन्हा तो विषय निघाला नाही. तीन वर्षांपूर्वी तो वारला आणि चव बघायचं काम माझ्याकडे आलं. मी पहिल्यांदा पळी चाखून मान हलवली तेव्हा पिकुल पाठमोरी होऊन बराच वेळ भांडी विसळत राहिली.

गेल्या नोव्हेंबरात ती एकसष्ट वर्षांची झाली. वाढदिवसाला ती दरवर्षी बान लेमला आत्याकडे जायची. आत्या चुएन अठ्ठ्याऐंशीची, मिठागराच्या कडेला मुलाच्या घरी राहते. या वेळी मीही बरोबर गेले. आत्याला कधी आठवतं, कधी नाही. पिकुलने अळकंदाची वडी तिच्या हातावर ठेवली आणि पाया पडली. "आत्या, आज वाढदिवस माझा."

आत्याने वडी चघळत तिच्याकडे बघितलं. "कसला वाढदिवस? तू झालीस तेव्हा भाताची लावणी चालली होती. माझे हात चिखलाने भरलेले. तशीच धावत आले मी तुझी नाळ कापायला."

"लावणी ऑगस्टात असते, आत्या. मी नोव्हेंबरची."

"तुझ्या बापाची नोव्हेंबरची," आत्या म्हणाली. "आईची ऑगस्टची."

पिकुल हसली. म्हातारीचं काहीतरीच, असं मला नजरेने सांगितलं. पण आत्याचं त्या दिवशी सगळं ठिकाणावर होतं.

"तुझ्याआधी दोन झाली. मुलगा थोंगदी, मुलगी सायबुआ. दोघंही पावसाळ्यातली, दोघंही वर्षाच्या आत गेली. मग तूही पावसाळ्यातच आलीस. तुझा बाप रडला नाही की काही नाही. म्हणाला, पाणी ओंजळीत राहत नाही, चुएन, आपण हिला मातीची करू. तीन महिने तुला कुणाला दाखवली नाही. नोव्हेंबर उजाडल्यावर तुला कचेरीत नेऊन सांगून आला, काल मुलगी झाली. तिथला कारकून म्हणे, पोरगी भलतीच गुटगुटीत आहे हो वैद्यबुवा!" आत्या स्वतःशीच हसली. "रोज तुला छातीवर घेऊन झोपायचा. झोपायचा कसला, जागाच. तुझा श्वास चालू आहे ना, ते बघत."

संध्याकाळच्या बसने आम्ही परतलो. दुसऱ्या दिवशी खानावळ उघडली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. गिऱ्हाइकं माझ्या दुकानात डोकावून विचारायची, आजारी आहे का? शेवटी मी मागच्या दाराने आत गेले. ती चुलीपुढे रिकाम्या हाताने बसली होती.

"सबंध गावाला मी सांगत बसले, तुमचं काय ते ओळखून खा," ती म्हणाली. "आणि माझंच खोटं. बाबांना ठाऊक होतं. मला विद्या शिकवली तेव्हाही ठाऊक होतं."

"जगवायला केलं त्यांनी, पी."

"ते कळतं गं." तिचा आवाज फाटला. "पण त्या मातीपायी मी सनानची नोकरी घालवली. त्याला समुद्र आवडायचा. मी पाण्याची होते नोई, गेले असते मी त्याच्याबरोबर!"

मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. म्हटलं, "पी सनान ऑगस्ट-नोव्हेंबर बघून परत आला नव्हता. तू दिसत नव्हतीस म्हणून आला होता. मला स्वतः सांगितलं होतं त्याने."

ती पुष्कळ रडली. मग पदर नसल्यामुळे माझ्याच झग्याला डोळे पुसले आणि म्हणाली, "चिंच आण."

आमटी तिने नेहमीसारखीच केली. उकळी फुटल्यावर मी सवयीने पळीकडे हात नेला, तर तिने तो बाजूला सारला. पळी फुंकली, डोळे मिटले आणि तोंडाला लावली. दात आंबले असावेत, खांदे वर गेले. दुसरा घोट घेतला. मग डोळे उघडून माझ्याकडे रोखून बघितलं.

"मीठ कमी आहे."

मी चुलीतली लाकडं सारखी करू लागले.

"नेहमीच कमी असतं?"

"थोडं," मी म्हणाले.

"आणि तो माणूस सदतीस वर्षं मान हलवत राहिला? आणि तूही? मुकाट्याने?" एवढं बोलून ती जी हसत सुटली, की पलीकडचा न्हावी धावत आला, काय झालं बघायला. त्या दुपारी आम्ही तिघांनी मिळून अर्धं पातेलं संपवलं.

खानावळ पुन्हा सुरू झाली. महिना ती अजून विचारते. "बाबांची विद्या खरी की खोटी मला नाही सांगता येत," असं म्हणते. "पण अनोळखी माणसाला जेवायच्या आधी कुणीतरी त्याच्याबद्दल विचारलेलं बरं असतं." स्वतः मात्र आठवड्यातून दोनदा आंबट खाते आणि उरलेले दिवस भोपळा. भोपळा आवडतो म्हणे तिला, त्यात बाबांचा काही संबंध नाही.

डिसेंबरात आम्ही दोघी विहारात गेलो. मेलेल्यांच्या नावाने पुण्यदान करायचं तर त्यांची नावं कागदावर लिहून द्यावी लागतात, ती वाचून भन्ते कागद जाळतात. दरवर्षी ती तीन नावं लिहायची: बाबा, आई, सनान. या वेळी त्याखाली दोन वाढली. भन्ते तरुण होते, त्यांनी वाचताना थांबून विचारलं, "थोंगदी आणि सायबुआ कोण तुमची?"

"दादा आणि ताई," पिकुल म्हणाली.

"वय?"

"त्याचं अडीच महिने. तिचं सात."

भन्ते क्षणभर तिच्या पांढऱ्या केसांकडे बघत राहिले, मग मंत्र म्हणू लागले. दादा-ताईसाठी तिने दोन लहान वाट्यांत आमटी आणली होती, जरा कमी तिखट करून.

पायऱ्या उतरताना तिने माझा दंड धरला. "नोई, इतकी वर्षं मी एकुलती एक होते गं. आता या वयात शेंडेफळ झाले." आणि चपला शोधायला वाकली.