बायकोची मस्कतमधली कंपनी

माझ्या बायकोने मस्कतला कंपनी काढायचं ठरवलं, तेव्हा आम्ही मिशिगनमधल्या ट्रॉयला राहत होतो. साल २००३. मी मोटारींच्या एका कंपनीसाठी सॉफ्टवेअर लिहायचो. ती मायक्रोबायॉलॉजिस्ट. पाणी आणि अन्नाचे नमुने तपासणाऱ्या ज्या लॅबमध्ये ती नोकरी करायची, ती बंद पडली आणि ही घरात नुसती कपाटं आवरत बसली. तेवढ्यात मस्कतला राहणाऱ्या तिच्या नागपूरच्या मैत्रिणीचा फोन आला. तिकडे हॉटेलं भराभर वाढत होती, पण नमुने तपासायला चांगली खासगी लॅब नव्हती.

"मी काढली तर?" बायकोने त्याच संध्याकाळी विचारलं. "पण तू मनापासून हो म्हणालास तरच. तोंडदेखलं नको."

आमची मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. मी विचार करायला वेळ मागून घेतला आणि आठवड्याने हो म्हणालो. ती एकटी जाणार, मी आणि मुलगी ट्रॉयलाच राहणार असं ठरलं.

तिथल्या कायद्याप्रमाणे परदेशी माणसाला कंपनी काढायची तर एक स्थानिक भागीदार लागायचा. मैत्रिणीने एक साठीच्या विधवा बाई गाठून दिल्या. त्यांचं लोबान आणि अत्तराचं दुकान होतं. वडील खजुराच्या व्यापारासाठी मुंबईला असायचे, त्यामुळे लहानपणी काही वर्षं त्या तिथेच वाढलेल्या. हिंदी अगदी सफाईदार. बायको जाऊन त्यांना भेटली, सगळं जमलं, पण सही करण्याआधी बाई म्हणाल्या, "आधी मला तुझा नवरा बघायचाय." त्यांचा डॉक्टर मुलगा आमच्यापासून जवळच, डिअरबॉर्नला होता. सुनेच्या बाळंतपणासाठी त्या येणारच होत्या.

अशा रीतीने मुलगी बघायला यावं तशा त्या मला बघायला आल्या.

बायको त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायची, म्हणून मीही खाला म्हणालो. स्वयंपाक मी करायचा असं ठरलं होतं. मसालेभात गिच्च झाला. बायकोने माझ्याकडे रोखून पाहिलं. खालांनी मात्र मागून दुसऱ्यांदा घेतला, पुसून खाल्ला आणि विचारलं, "बेटी के बाल कौन बनाएगा?"

"मैं," मी म्हणालो. "सीख रहा हूँ."

मुलीने डोकं वळवून तिची वाकडी वेणी दाखवली. "He's getting better," ती म्हणाली. बायकोने भाषांतर केलं तेव्हा खाला ओढणीआड तोंड लपवून खूप हसल्या. मग एकदम गंभीर झाल्या. त्यांनी सांगितलं की पूर्वी एकदा त्यांनी अशीच भागीदारी केली होती. तो माणूस वर्षभरात घरच्यांनी बोलावलं म्हणून निघून गेला आणि भाड्याची जागा, कामावरची माणसं, सगळं यांच्या गळ्यात पडलं.

"तू हिला परत बोलावशील?" त्यांनी मला विचारलं.

"आठवण रोज येईल," मी म्हणालो. "पण बोलावणार नाही. यायचं कधी ते तिनेच ठरवायचं."

बायको ताटातली शितं गोळा करत राहिली. मुलीला आमचं हिंदी फारसं कळत नव्हतं, पण विषय कळला असावा. "Will she come for my birthday?" तिने विचारलं. खालांनी तिला जवळ ओढलं. "मैं खुद भेजूँगी," म्हणाल्या. आणि पुढे दरवर्षी त्यांनी पाठवलंही. एका वर्षी तर काम अर्धवट राहिलंय म्हणून बायको कुरकुरत होती, तिला स्वतः विमानतळावर सोडून आल्या.

खालांनी सही केली आणि बायको मस्कतला गेली. लॅब सुरू व्हायला वर्ष गेलं. आमची सकाळ म्हणजे तिची दुपार. मुलगी सीरिअल खायची आणि मी फोनचा स्पीकर चालू करून बोलमध्ये दूध ओतायचो. तिथे सुट्टी गुरुवार-शुक्रवारी. "आईचा वीकेंड चुकीच्या दिवशी असतो," असं मुलगी शाळेत सगळ्यांना सांगायची. आमच्या शनिवारी मराठी मंडळातल्या काकू डबा घेऊन यायच्या आणि हळूच विचारायच्या, "सगळं ठीक आहे ना रे तुमच्यात?" मी म्हणायचो, "काकू, ती लॅब चालवतेय, रुसून नाही गेलेली."

दुसऱ्या उन्हाळ्यात मात्र लॅबमधला एसी बंद पडला आणि तपासायला ठेवलेले सगळे नमुने वाया गेले. एका मोठ्या हॉटेलने काम काढून घेतलं. त्या सकाळी तिने फोनवर हे सगळं एका दमात सांगून टाकलं.

"जेवलीस का?" मी विचारलं.

"नाही."

परत ये, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. मी म्हणालो, "आम्ही येऊ का? हिला उन्हाळ्याची सुट्टी लागलीय."

मग ती रडायला लागली. "या," म्हणाली. "पण गरम फार आहे रे इथे."

मी ऑफिसातून रजा काढली. आम्ही गेलो तर बायको खालांच्या घरी राहत होती. फोन झाला त्याच संध्याकाळी जाऊन खाला तिला सामानासकट घेऊन आल्या होत्या. महिनाभर मी लॅबचं कंप्यूटरचं काम केलं, मुलीने बाटल्यांवर लेबलं चिकटवली आणि खाला त्यांच्या ओळखीच्या हॉटेलवाल्यांकडे बायकोला घेऊन हिंडल्या. नवी कामं आली. आम्ही ट्रॉयला परत निघालो तेव्हा ती विमानतळावर हसत हात हलवत होती.

२००७च्या शेवटी ती परत आली, ते तिने स्वतःच ठरवलं. तिने तयार केलेली एक ओमानी केमिस्ट आता लॅब सांभाळू लागली होती. बायकोचा हिस्सा तसाच राहिला, आणि वर्षातून दोनदा तिने जाऊन यायचं असं ठरलं.

घरी आल्यावर पहिले काही आठवडे आम्ही तिघंही जरा अवघडल्यासारखे वागत होतो. कुठला डबा कुठे ठेवलाय हे तिला विचारावं लागायचं. तिने विचारलं की मला उगीच वाईट वाटायचं. मग एका सकाळी खूप बर्फ पडला. मी फावडं घेऊन ड्राइव्हवे साफ करायला निघालो, तर ती माझा जुना कोट चढवून मागोमाग बाहेर आली.

"अगं, आत जा, गारठशील," मी म्हणालो.

"गारठू दे," ती म्हणाली. "तू त्या टोकापासून ये, मी इकडून येते."