बोल्टवरची पिवळी रेघ

माझ्या ताईने आयुष्यात दोन माणसांवर सूड उगवला. एक आमच्या कारखान्यातले डिझाइनचे साहेब आणि दुसरा मी, तिचा सख्खा धाकटा भाऊ. साहेबांचा निकाल तिने एका सकाळीत लावला. माझा अजून चालू आहे.

आमचा कारखाना मोटरसायकलींचा. त्यातल्या नमुन्याच्या शॉपमध्ये नव्या स्पोर्ट गाड्यांची पहिली दोन-तीन पिल्लं हाताने जुळवली जातात. मी तिथे फिटर होतो आणि ताई शेजारच्या मोजमाप खात्यात. तिची खोली बारा महिने वीस अंशांवर. मधोमध दगडाचं गुळगुळीत टेबल आणि त्यावर तिचे गेज ओळीने मांडलेले. कोणी पार्ट हातात धरून उभा राहिला की ती म्हणायची, "खाली ठेव. तुझ्या हाताच्या उबेने तो वाढतोय." शॉपमध्ये तिचं नाव मायक्रोमीटर पडलं होतं आणि ते तिला ठाऊक होतं. एकदा कोणीतरी तोंडावर म्हणालं, तर तिने विचारलं, "कितीचा?"

घरीही तीच तऱ्हा. तिच्या घरात 'अंदाजे' हा शब्द शिवीसारखा. "सातच्या सुमारास येतो" असं मी म्हटलं की "म्हणजे किती वाजता?" असा प्रश्न ठरलेला. भिंतीवरची तसबीर अर्धा मिलिमीटर कलली तर ही बाई जेवताना दोनदा उठायची.

अशा बाईला नवरा मिळाला तो सगळं बुडाने मोजणारा. भावोजी टेस्ट रायडर होते. नव्या गाडीवर एक फेरा मारून यायचे, हेल्मेट काढायचे आणि सांगायचे, "मागच्या टायरमध्ये दोन पौंड हवा कमी आहे." ताईने पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा नाक मुरडलं आणि गेज लावला. बरोबर दोन पौंड कमी. पुढच्या आठवड्यात ते म्हणाले, पुढचं चाक किंचित डावीकडे बसलंय. तिने मोजलं, तर होतं. असं पाच-सहा वेळा झालं आणि मग तिने लग्नाला होकार दिला. त्यांच्या प्रेमप्रकरणाचे सगळे आकडे मोजमाप खात्याच्या वहीत आहेत.

आता साहेब. त्यांना आम्ही चाकूसाहेब म्हणायचो, कारण त्यांच्या तोंडी एकच वाक्य असायचं, "गाडी कशी चाकूसारखी वळली पाहिजे." माणूस हुशार होता, ते मी नाकारत नाही. कागदावर त्यांनी ओढलेली रेघ बघून गाडी चालवावीशी वाटायची. पण स्वतःच्या रेघेच्या इतका प्रेमात पडलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

गाडीचं पुढचं चाक सरळ का चालतं, ते दुकानातल्या सामानाच्या ढकलगाडीत बघा. तिचं छोटं चाक आपल्या दांड्याच्या थोडं मागे फरफटत येतं, म्हणून ते वाट सोडत नाही. मोटरसायकलच्या पुढच्या चाकाचंही तसंच. ते जितकं मागे राहील, तितकी गाडी सरळ आणि शहाणी. ते मागे राहणं कमी केलं की गाडी पटकन वळते, पण वेगात हँडल थरथरायला लागतं. हा सगळा खेळ एका जोडावर ठरतो. पुढचं चाक ज्यात बसतं त्या फोर्कच्या दोन नळ्या धरणारा हा जोड, आम्ही त्याला टी म्हणतो. साहेबांनी तो सहा मिलिमीटरने बदलला. ड्रॉइंग बदललं नाही, मोजमाप खात्याला कळवलं नाही. टेस्टच्या सकाळी नवा टी माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "बसव. मला फक्त बघायचंय."

मी बसवला. मी फिटर आहे, साहेब म्हणाले की बसवतो.

भावोजी त्या गाडीवरून अकरा वाजता गेले आणि अकरा वाजून चार मिनिटांनी सरळ पट्ट्यावर पडले. हँडल एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं इतक्या जोरात आपटलं की दोन्ही हात सुटले. उजवा पाय गुडघ्याखाली तीन ठिकाणी मोडला आणि डोक्याला असा मार बसला की त्या सकाळचं त्यांना काहीच आठवेना. आजही आठवत नाही.

गाडी शॉपमध्ये आली. ताई हॉस्पिटलमध्ये होती. दुपारी साहेब माझ्याजवळ आले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. हळूच म्हणाले, "जुना टी परत बसव. नाहीतर हे खातं बंद पडेल, तू, मी, तुझी बहीण, सगळे घरी. तुझ्या भावोजींचा पाय काही परत येणार नाही." मी पाना उचलला. वाकडा झालेला टी काढला, जुन्या मापाचा कोरा टी बसवला, चार बोल्ट आवळले आणि सवयीने प्रत्येक बोल्टवर रंगाची रेघ ओढली. आमच्याकडे बोल्ट पक्का आवळला की त्याच्या डोक्यावरून खालच्या पार्टपर्यंत रंगाची एक रेघ ओढतात. बोल्ट सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते. प्रत्येक फिटरचा रंग वेगळा. माझा पिवळा.

चौकशीचा फॉर्म डिझाइन खात्यानेच बनवलेला. अपघाताच्या कारणापुढे चार चौकोन, 'चालक', 'रस्ता', 'हवा', 'इतर'. 'रचना' असा चौकोनच नव्हता. ताईला, बायको म्हणून, गाडी मोजू दिली नाही. गाडीतला वेग नोंदवणारा डबा फुटला असं सांगितलं. साहेबांनी लिहिलं, "वेग अंदाजे एकशेवीस. चालकाने थ्रॉटल एकदम सोडल्याने तोल गेला." आणि 'चालक'वर खूण केली. थ्रॉटल म्हणजे उजव्या मुठीतला अॅक्सिलरेटर. वर्षभरात मी फोरमन झालो. त्याबद्दल माझं कोणी अभिनंदन केलं की मी खाली बघायचो.

भावोजींनी तो कागद खरा मानला. ज्या माणसाला दोन पौंड हवा कळायची, तो स्वतःच्या बायकोला म्हणाला, "माझाच हात चुकला असणार." गाडी चालवणं सुटलं. पाय आखडला तो आखडलाच. पुढच्या खोलीत बसून ते लोकांचे मिक्सर आणि पंखे दुरुस्त करू लागले. मी गेलो की मधूनच, स्क्रू फिरवताना, विचारायचे, "अरे, मी थ्रॉटल एकदम सोडलं असेन का रे? तुला काय वाटतं?"

"काय माहीत, भावोजी," असं मी म्हणायचो. नऊ वर्षं म्हणत आलो. ताई त्या वेळी चहा ओतत असायची आणि कपातली पातळी बघत असायची. तिने कधी मान वर केली नाही.

मग नव्या स्पोर्ट गाडीचं काम निघालं. साहेबांनी आपला लाडका टी पुन्हा बाहेर काढला, या वेळी रीतसर ड्रॉइंगवर. पहिल्या वेगवान फेऱ्याआधी सगळे मोजमाप खात्यात जमले. कारखान्याच्या जनरल मॅनेजर बाई, साहेब, तीन टेस्ट रायडर आणि फोरमन म्हणून मी. ताईची सही झाल्याशिवाय गाडी ट्रॅकवर जात नाही. तिने ड्रॉइंग टेबलावर पसरलं.

"मापं सगळी बरोबर आहेत," ती म्हणाली. "एकच विचारायचंय. इथे तळाशी साहेबांच्या अक्षरात सूचना आहे. 'एकशेबेचाळीसच्या वर स्टिअरिंग डॅम्पर लावणे अनिवार्य.'"

"मग? डॅम्पर लावलाय," साहेब म्हणाले. "हँडलला झटके बसू नयेत म्हणून. त्याच्याशिवाय या टीला हँडल मारतं."

"एकशेबेचाळीसला?"

"हो."

"कोणी मोजलं?"

साहेब हसले. "बाई, हा आमचा विषय आहे."

"आकडा माझा विषय आहे," ताई म्हणाली. "अंदाज असता तर तुम्ही एकशेचाळीस लिहिलं असतं, दीडशे लिहिलं असतं. एकशेबेचाळीस हा मोजलेला आकडा आहे. आणि कागदोपत्री हा टी लावलेली एकही गाडी आजपर्यंत वेगात पळालेली नाही. मग कुठल्या गाडीवर मोजलात?"

साहेबांनी ड्रॉइंग आपल्याकडे ओढलं. मग म्हणाले, "गणित केलं होतं."

"दाखवा."

साहेब खिशात रुमाल शोधू लागले. मला त्या क्षणी मनातून आनंद झाला, हे कबूल करतो. नऊ वर्षं मी त्या माणसाला आतल्या आत शिव्या घातल्या होत्या. आता तो घामाघूम झालेला बघून मला बरं वाटलं. माझा आनंद जेमतेम अर्धा मिनिट टिकला.

ताईने गेजचा खण उघडला. पत्र्याची एक डबी काढली आणि त्यातले चार बोल्ट दगडी टेबलावर मांडले. एकेक, सारख्या अंतरावर.

"माझ्या नवऱ्याच्या गाडीचे," ती मॅनेजर बाईंना म्हणाली. "त्या दिवशी त्यांचं हेल्मेट न्यायला मी शॉपमध्ये आले होते. गाडी मोजायला बंदी होती, बघायला नव्हती. चाळीस मीटर घासत गेलेली गाडी. टाकी सोललेली, फोर्कच्या नळ्या वाकलेल्या. आणि त्या नळ्या धरणारा टी कोरा करकरीत. बोल्टवरची रेघ ओली होती. माझ्या बोटाला लागली. गाडी भंगारात निघाली तेव्हा हे मी काढून घेतले." मग तिने माझ्याकडे बघितलं. "हा रंग कोणाचा?"

पिवळा रंग नऊ वर्षांत जरासुद्धा उतरला नव्हता. मी तिन्ही रायडरांकडे बघितलं. त्यांच्या गाड्या रोज मीच आवळत होतो.

"माझा," मी म्हणालो.

"त्याआधी कुठला टी होता?"

"हाच. ड्रॉइंगवरचा."

"कोणी बदलायला सांगितला?"

मी साहेबांकडे बोट दाखवलं. पुढचं सगळं भराभर झालं. 'फुटलेला' डबा साहेबांच्या कपाटातच निघाला, त्यात एकशेबेचाळीस. असल्या माणसाला स्वतःचे आकडे टाकवत नाहीत. संध्याकाळपर्यंत त्यांचं टेबल रिकामं होतं, आणि ते गेटमधून बाहेर पडताना एकाही रायडरने मान हलवली नाही. माझं फोरमनपद गेलं. बोल्ट आवळायचं कामही गेलं, आता मी स्टोअरमध्ये नट मोजतो. ताईला हा विनोद वाटतो. मला अजून वाटत नाही.

चौकशीचा अहवाल नव्याने लिहिला. जुन्याच फॉर्मवर ताईने पट्टी ठेवून पाचवा चौकोन आखला, बाकीच्या चारांच्या अगदी मापात, आणि वर लिहिलं 'रचना'.

बाहेर पडताना मी तिला गाठलं. "तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"रंग ओला होता म्हटलं ना."

"मग मला विचारलं का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून," ती म्हणाली. "दर वेळी ते तुला विचारायचे, तेव्हा मी थांबायचे. बघायचे, आज सांगतो का." तिने अहवाल माझ्या हातात दिला. "आता घरी चल आणि तू वाचून दाखव. मी नाही सांगणार त्यांना."

भावोजी एका पंख्याचं बेअरिंग बसवत होते. मी उभ्याने वाचलं. वेग, टी, सहा मिलिमीटर, साहेबांचं नाव. शेवटी, पुरावा बदलणारा फिटर, आणि माझं नाव. भावोजींनी बेअरिंग खाली ठेवलं. स्वतःचा उजवा पंजा, थ्रॉटलवर असायचा तो, एकदा उघडला आणि मिटला.

"म्हणजे मी सोडलं नव्हतं," ते म्हणाले.

"नव्हतं, भावोजी. हातातून हिसकावलं गेलं."

"मला वाटायचंच," असं म्हणाले आणि रडायला लागले. मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर फार बरं झालं असतं.

ताईने माझ्याशी नातं तोडलं नाही. तोडलं असतं तर मी सुटलो असतो. दर रविवारी ती मला चहाला बोलावते, पाच वाजता, पाचच्या सुमारास नाही. कप ठेवण्याआधी कपाटातून तो कागद काढते आणि माझ्यासमोर धरते. मी वाचतो. आता पाठ झालाय, पण डोळे मिटून म्हटलेला तिला चालत नाही. माझ्या नावापाशी आवाज उतरला की ती म्हणते, "ऐकू आलं नाही." मग मी तेवढी ओळ परत वाचतो.

गेल्या रविवारी भावोजींनाच राहवलं नाही. "आता पुरे कर गं," ते म्हणाले. "दीड वर्ष झालं. लहान भाऊ आहे तुझा."

ताईने कागद घडीवर घडी ठेवून मिटला.

"नऊ वर्षं चार महिने तुम्ही त्याला विचारत होतात," ती म्हणाली. "तेवढंच. एक रविवार जास्त नाही."

आणि माझ्यापुढे चहा सरकवला.